वर्ताळा

नाझिम होडेकर,
तू दोह्याला गेलास आणि संस्थेचा हिशेब
माझ्याकडे आला.
हर्णैच्या बर्फ-कारखान्यावरची खोली,
डिझेलचा वास, खिडकीत सुवर्णदुर्ग,
आणि तुझा रुबीतला कोड, अकरा वर्षांचा,
मधे एकही टिपण नाही.

चेअरमन म्हणाले, हे पायथनमध्ये करून टाक.
उद्या तूही गेलीस तर
दापोलीच्या कॉलेजातलं कुठलंही पोर वाचू शकेल.
त्यांचं काही चुकलं नव्हतं.

पहिल्या रात्री मी नुसती वाचत बसले.
तू पूर्णांकांचा वर्ग उघडून
सरळ आत शिरला होतास.
तीन, टिंब, पाटी.
एवढंच लिहिलं होतंस, देवनागरीत,
आणि तीन ओ देत होता:
तीन पाट्या, बर्फासकट, इतके किलो.
तुझ्या रुबीत आकडाही माणसांत वावरतो.
नीलसुद्धा, ज्याच्यात काहीच नाही तो,
यादी मागितली तर रिकामी यादी पुढे करतो,
खाली हात आलेला तांडेल
टोपली उलटी करून दाखवतो तसा.

पायथनमध्ये मी तेच करायला गेले.
त्याने दार उघडलं नाही.
आकडा आकडाच राहील, म्हणाला.
पाटी हवी तर पाटी वेगळी घड,
तिला नाव दे, वजन दे,
आणि चार मोकळ्या जागा सोडून लिही.
एकीकडे तीन, एकीकडे चार, चालायचं नाही:
कोण कोणाच्या पोटात आहे
ते समासावरूनच कळतं.

आधी राग आला, मग सवय झाली,
मग, तुला म्हणून सांगते, आवडलं.
तुझ्याकडे एका कामाच्या पाच वाटा होत्या,
पाचही देखण्या,
आणि रात्री दोन वाजता मला एकच हवी होती.
भरती-ओहोटीचा आलेख दहा ओळींत झाला,
कुणीतरी, कुठेतरी, आधीच विणून ठेवलेलं जाळं.
तुला त्याला एक अख्खा शिमगा लागला होता.

एका बाबतीत मात्र दोघी सख्ख्या बहिणी.
तू कोण, कुणाची, असं विचारत नाहीत.
तरंगतेस ना? मग होडी.

मग बेरीज जुळेना.
दर शंभर बांगड्यांमागे चार शिल्लक.
कागदावर शिल्लक, वाळूवर नाहीत.
आठ दिवस मी माझ्याच चुका उकरल्या.
शेवटी सापडलं, तुझ्या एका फायलीच्या तळाशी:
शेकडा म्हणजे एकशे चार.
लिलावात बाया पदर पसरून मागतात
तो वर्ताळा
तू शेकड्यालाच शिकवून ठेवला होतास.
शेकडा म्हटलं की चार आपोआप येत.
अकरा वर्षं कुणी विचारलं नाही,
कारण कुणाला दिसलंच नाही.

पायथनमध्ये ते ठेवायला कोनाडा नाही.
मी लिहिलं, बत्तिसाव्या ओळीत, उघड्यावर:
वर्ताळा बरोबर चार.
खेडहून ऑडिटर आले, त्यांनी नेमकं तिथेच बोट ठेवलं.
हे चार कुणाच्या परवानगीने?

सभा भरली. द्वारकी पावसे पुढे आली,
चौथी शिकलेली. चष्मा लुगड्याला पुसला,
पडद्यावरची ओळ अक्षर अक्षर लावून वाचली
आणि ऑडिटरकडे नाही, माझ्याकडे वळली.
"पाच व्हते गं.
माज्या आयशीच्या वक्ताला पाच."

ठराव अजून व्हायचाय.
तोवर ओळीत चार आहे,
आणि जो तो ती ओळ वाचून भांडतोय,
बरंच झालं.

तुझा कोड पुसला नाही मी.
जुन्या मशीनवर आहे.
कधी वीज टिकली तर रात्री चालू करते,
तीन, टिंब, पाटी,
तीन अजून ओ देतो.
पण नाझिम, एक विचारायचं राहिलं:
तो पाचवा बांगडा
तुझ्या आधीच गळाला होता,
की तुझ्या हातून?